जाकीट बाहेर, बातमी आत

इंदू आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पुरवण्या भरणं. त्यात विशेष काही नव्हतं. लग्नानंतरची चाळीस वर्षं रोज तेच करत होतो. अमरावतीच्या बसस्टँडाजवळ एका बंद दुकानाच्या ओट्यावर गोणपाट टाकायचं, टॅक्सीतून गठ्ठे उतरवायचे, सुतळी कापायची. मग मी अंक उघडायचा, तिनं पोटात पुरवणी सारायची, मी मिटायचा. बोलायची गरज नसे. ती तरी बोलायची. त्या दिवशी म्हणाली, "शाई ओली हाय आज. हात पुसून मंग च्या घ्या." मी न पुसताच कप धरला. ती म्हणाली, "घ्या मंग. तेवढीच अक्षरं तरी जातीन पोटात."

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तिचं सातवी. हा टोमणा चाळीस वर्षं जुना होता आणि रोज ताजा निघायचा.

त्याच दुपारी तांदूळ निवडता निवडता ती कलंडली. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हटलं, तेच तर तिचं चांगलं होतं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं की पेपर विकण्याचे अनुभव लिहा, जसं बोलता तसंच लिहा. मी तसं लिहिलं. मग त्यांनी माझ्या 'मले'चं 'मला' करून टाकलं. तेव्हा यात जे शुद्ध वाटेल ते त्यांचं समजा. बाकी माझं.

लोकांना वाटतं पेपरवाला बातम्या विकतो. बातम्या आम्हाला ठाऊकच नसतात. आम्ही कागद विकतो, वजनानं ओळखतो. अंक जड लागला की समजायचं जाहिराती भरपूर, जग सुखात. हलका लागला की कुठं तरी मंदी आहे. हल्ली पहिल्या पानाच्याही वर एक अख्खं पान जाहिरातीचं चढवतात. त्याला आम्ही जाकीट म्हणतो. थंडी असो नसो, पेपरला जाकीट असतंच. जाकीट नेहमी बाहेर ठेवायचं, ही आमच्या धंद्यातली पहिली शिस्त. जाहिरातवाल्यानं त्याचेच पैसे मोजलेले असतात. नवीन पोऱ्याने घडी उलटी घातली की एजंट शिव्या देतो. माझ्या हाताला ती घडी इतकी बसली आहे की घरात टॉवेल घडी करतानाही चांगली बाजू मी बाहेर घेतो.

दुसरी गोष्ट पेपरवाल्याला सगळ्यांच्या आधी कळते, ती म्हणजे कोणाचं काय बिघडलं. घरात अडचण आली की पहिला बंद होतो पेपर, मग दूध, मग डबा. म्हणजे ज्याच्यावर संकट आलं त्याच्याकडे संकटाची बातमी जातच नाही. ती जाते ज्याला पेन्शन आहे त्याच्याकडे. तो ती चहासोबत वाचतो आणि म्हणतो, फार वाईट दिवस आले.

कठोरा नाक्याकडच्या आमच्या गल्लीत सगळ्या पोरापोरींच्या खोल्या. कोणी अकोल्याचं, कोणी बाळापूरचं, कोणी दर्यापूरचं. बाहेर राहून शिकणाऱ्यांना सरकारकडून राहण्याखाण्याचा भत्ता मिळतो. गेल्या वर्षी तो आलाच नाही. आज येतो, उद्या येतो, वरून सुटला, मध्ये अडला. माझ्या लाइनीतले पेपर एका महिन्यात निम्मे झाले. मी एजंटला म्हटलं, पोट्ट्यांवर काही तरी आलं आहे. तो म्हणाला, सगळे मोबाइलवर वाचतात आता. तेही मी खरं मानलं.

आमच्या शेजारच्या खोलीत कोमल राहायची. अकोटकडची माळ्याची पोर, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. मायबाप भाजी पिकवतात. दर बुधवारी तिची माय अकोटच्या पहिल्या गाडीत कंडक्टरजवळ पिशवी देई: वांगी, मेथी, कधी शेवग्याच्या शेंगा. मी स्टँडवर असतोच, मी पिशवी घेऊन येई आणि रिकामी पिशवी दुसऱ्या दिवशी त्याच गाडीनं परत. इतकी भाजी येणारी पोरगी उपाशी असेल असं कोणाच्या डोक्यात येणार? माझ्या तर नाहीच आलं. इंदूच्या आलं.

इंदू तिला जेवायला बोलवायची तर पोरगी म्हणायची, उपास आहे. सोमवारी महादेवाचा, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. इंदू मला म्हणाली, "इतके उपास तर देवाईलेबी माहीत नसतीन." मग एक दिवस ती सरळ खोलीत शिरली. गॅस संपलेला, पिठाचा डबा धुऊन पालथा घातलेला, आणि कोपऱ्यात वांग्यांचा ढीग. भाजी ती पोरगी गल्लीत वाटून टाकत होती. कोणी बदल्यात दोन पोळ्या दिल्या तर ते तिचं जेवण. प्रयोगशाळेत एकदा चक्कर येऊन पडलीही होती.

इंदूनं फोन उचलला, तिच्या मायला सांगायला. कोमलनं तो हातातून काढून घेतला. गावी एक स्थळ तयार बसलं होतं. काका रोज घरी येऊन म्हणत होते, पोरीला किती शिकवता? "मायले कळलं का ती दुसऱ्याच दिवशी येऊन मले घरी नेईन, काकू. मंग परीक्षा गेली माही." आणि तिनं इंदूला शपथ घातली. कोणाची, तर माझी. माझ्या डोक्यावर हात ठेवून. मी खाटेवर पेपरच्या पावत्या लावत बसलेलो, मला कोणी विचारलंही नाही.

शपथेमुळे इंदूचं तोंड बंद झालं. पण डोकं बंद झालं नाही. त्याच आठवड्यात एक बातमीदार पोरगा गल्लीत आला. भला होता. चार पोरांशी बोलला, कोमलशीही बोलला, नाव न छापायच्या बोलीवर. तिनं त्याला सगळं सांगितलं: भत्ता कुठं अडला, कोणत्या कागदामुळे अडला, आणि शेवटी की मी दिवसातून एकदाच खाते. इंदू तिथंच उभी होती. घरी येऊन म्हणाली, "आता तोंडानं सांगाची गरज नाई. पेपर सांगन."

बातमी दोन दिवसांनी आली. तोच तो आमचा शेवटचा दिवस. चहा पिऊन झाल्यावर इंदूनं चष्मा लावला आणि तिसरं पान काढलं. बातमी खाली कोपऱ्यात होती, माझ्या पंजाएवढी. आता बातमी कशी छापतात ते सांगतो. जागा कमी पडली की बातमी शेपटाकडून कापतात. रात्री उशिरा कोणत्या तरी क्लासची जाहिरात आली असणार. कोमल जे शेवटी बोलली ते शेपटात होतं. ते गेलं. उरलं काय, तर विद्यार्थ्यांची परवड होत असून तीव्र नाराजी व्यक्त होत आहे. नाराजी! भूक लागते त्याला पेपरात नाराजी म्हणतात. त्यातला निम्मा भाग एका संघटनेनं साहेबांना निवेदन दिलं त्याचा, आणि त्यातही सात ओळी नुसती नावं, कोण कोण उपस्थित होतं. सोबत फोटो. निवेदनाच्या फोटोची एक पद्धत असते. आठ जण एकच कागद धरून उभे, साहेब मध्ये, सगळे कॅमेऱ्याकडे पाहून हसणार. त्या फोटोत आजवर मला कोणी उपाशी दिसलं नाही.

तरी एक ओळ कापण्यातून वाचली होती: काही विद्यार्थिनी एकवेळच्या जेवणावर दिवस काढत आहेत. इंदूनं त्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाली, "एवढी पुरे. माय हाय ती. मायले एक ओळ पुरते."

पण अडचण दुसरीच होती. पेपर तोच, नाव तेच, पण अकोटला जो अंक जातो त्याचं तिसरं पान अकोल्याचं. आमचं संकट आमच्या पानावर. अकोल्याच्या पानावर त्या दिवशी अकोल्याच्या पोरांचं निवेदन, वेगळे आठ जण, वेगळा साहेब, तसंच हसू. अकोटची माय ते वाचून म्हणणार, अकोल्यात पोरांचे हाल आहेत, बरं झालं आपली अमरावतीला आहे. आणि ज्यांची पोरं अकोल्याला शिकतात ते आमच्याकडचे बाप हेच उलटं म्हणत असतील. एकच संकट, पण त्याला जिल्ह्याची हद्द ओलांडता येत नव्हती.

म्हणून इंदूनं एक अंक बाजूला काढला, तिसरं पान वर येईल असा मोडला आणि म्हणाली, "बुधवारच्या पिशवीत तळाले घालजा. भाजीवाली बाई कागद टाकत नसते." मी हो म्हटलं. मग ती घरी गेली, मी लाइनीवर गेलो.

त्यानंतरचे तेरा दिवस मी इथं लिहीत नाही.

चौदाव्या दिवशी कामावर गेलो. एकट्याला पुरवणी भरायला दुप्पट वेळ लागतो. अंक गुडघ्यानं उघडा धरावा लागतो. त्याच दिवसांत आमच्या गल्लीत एक मोबाइलवाला आला. त्याचं स्वतःचं चॅनल होतं म्हणे. पोरांना म्हणाला, पायऱ्यांवर बसा, हातात रिकाम्या ताटल्या घ्या. ताटल्या पोरांकडे एवढ्या नव्हत्याच, तर त्यानं मंगल कार्यालयातून आणवल्या. कोमलच्या दारात वांग्यांची टोपली होती, ती आत न्यायला लावली, भाजी दिसली की लोक विश्वास ठेवत नाहीत म्हणे. एका पोराला विचारलं, रडता येतं का? तो म्हणाला, परीक्षेत येतं. पोरींनी तोंडाला स्कार्फ बांधून घेतले. इंदू असती तर तिनं त्याला खराट्यानं गल्लीबाहेर काढलं असतं. मी फक्त पाहत राहिलो.

तो व्हिडिओ खूप चालला. मलाच पाच जणांनी दाखवला. अर्धा मिनिट सनईसारखं काही तरी वाजतं, ताटल्या दिसतात, लाल अक्षरं येतात. मग अंगठा हलतो आणि लगेच एक बाई मिरचीची भजी तळते. तेही बघतात, तेवढ्याच मन लावून. खाली कोणी लिहिलं होतं की मोबाइलमध्ये टाकायला पैसे आहेत आणि जेवायला नाहीत. कोणी लिहिलं की अशा गरिबीतूनच साहेब होतात, लगे रहो. टीव्हीवरही एक दिवस आलं. तिथं सहा चौकोनांत सहा माणसं ओरडत होती. कोमल आणि मी चहाच्या दुकानात उभ्यानं पाहिलं. ती म्हणाली, "काका, हे कोनाबद्दल बोलून राह्यले?" मी म्हटलं, तुझ्याबद्दल. ती म्हणाली, "मले नाई वाटत."

बुधवार आला. पिशवी आली, मी ती कोमलला दिली, ती रिकामी झाली. संध्याकाळी मी इंदूनं ठेवलेला अंक कपाटावरून काढला. मोडलेला, अर्धवट उघडा, कोपरे बाहेर. तिची घडी कधीच नीट नव्हती. असा अंक मी जन्मात कोणाच्या दारात टाकलेला नाही. माझे हात आपोआप चालले. झटकला, सरळ केला, कडा जुळवल्या, जाकीट बाहेर घेतलं, छान करकरीत घडी घातली आणि पिशवीच्या तळाला ठेवला. मला वाटलं, चला, इंदूचं काम झालं.

पुढच्या बुधवारी पिशवी दुप्पट जड. वर पेढ्यांचा डबा.

मला काही उमगेना. कोमलला तर नाहीच. तेवढ्यात तिच्या मायचा फोन आला. तो फोन मी माझ्या दारातून ऐकला, कारण ती माय मोबाइलवर बोलत नाही, अकोटहून थेट ओरडते. कोमलचा फोटो पेपरात आला म्हणून ती ओरडत होती. त्या दिवशीचं जाकीट एका क्लासचं होतं. तिकिटाएवढे दीडदोनशे चेहरे, सगळे पास झालेले. नापास झालेल्यांची जाहिरात मी अजून पाहिलेली नाही. मायला वाटलं, पोरीनं मुद्दाम पेपर धाडला म्हणजे तिचा फोटो असणारच. चष्मा नव्हता. शेजारच्या बायांना बोलावलं. सगळ्यांनी मिळून शोधलं आणि तिसऱ्या ओळीतली दोन वेण्यांची पोरगी कोमल आहे असं ठरलं. कोमलनं बारावीनंतर वेणी घातलेली नाही. माय म्हणाली, "फोटोसाठी घातली असन." काकांनाही दाखवलं. ते गप्प झाले म्हणे.

कोमल फोन ठेवून खूप वेळ हसली. मग ते हसणं थांबलं आणि ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "पेपर कोनं घातला पिशवीत?" मी सगळं सांगितलं. इंदूचा बेत, आणि माझी घडी. मला वाटलं ती चिडेल. ती चिडली नाही. म्हणाली, आता तर सांगताच येणार नाही काका. आधी मी उपाशी होते, आता उपाशी आणि पहिली आलेली.

तेव्हाच तिनं दुसरी गोष्ट सांगितली. कापडाच्या एका मोठ्या दुकानात साड्यांच्या घड्या करायचं काम मिळालं होतं, सोमवारपासून. प्रॅक्टिकल परीक्षाही सोमवारपासूनच. दोन्हीतून तिनं दुकान निवडलं होतं. मी म्हटलं, तीन वर्षं शिकलीस ते? ती म्हणाली, "उभं राहून परीक्षा देता यावं लागते ना काका. मागच्या वेळी पडली मी." हे ती अगदी सरळ बोलली. जसं कोणी सांगतं की आज नळ येणार नाही.

मी घरात येऊन बसलो. चाळीस वर्षं मी लोकांच्या दारात जग टाकत आलो आणि एका पोरीची एक ओळ मला अकोटला पोचवता आली नाही. बातमीदारानं लिहिली, ती कापली गेली. उरलेली इंदूनं शोधली, ती मी झाकली. मोबाइलवाल्यानं दाखवली, तिथं तोंडाला स्कार्फ. आता कागदाच्या भरवशावर बसण्यात अर्थ नव्हता. शपथेचाही विचार केला. शपथ माझ्या जिवाची होती. इंदू गेल्यावर त्या जिवाला जपून मी काय करणार होतो, ते मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी आली, गठ्ठे उतरले. मी सुतळी कापली नाही. गठ्ठे तसेच ओट्यावर ठेवले आणि अकोटच्या गाडीत बसलो.

कोमलची माय मळ्यात वांगी तोडत होती. मला ओळखत नव्हती. अमरावतीहून आलो, पिशवी आणणारा पेपरवाला, असं म्हटल्यावर घाईघाईनं घरात घेऊन गेली, पाट दिला, पाणी दिलं. भिंतीतल्या देवळीत देवांच्या बाजूला तो अंक ठेवला होता, जाकीट समोर, वर हळदकुंकू. घडी माझीच. अजून करकरीत होती.

ती चहा ठेवायला उठली. मी म्हटलं, "च्या राहू द्या, बाई. आधी ऐका. पोरगी एकदाच जेवते. कवा तेबी नाई."

तिनं मला पुन्हा सांगायला लावलं नाही. खाली बसली. विचारलं, "मंग मी भाजी धाडतो, तिचं काय करते ते?"

"वाटते."

"सगळी?"

"पीठ नाई, गॅस नाई. नुसत्या वांग्याचं काय करन?"

मग मी भत्त्याचं सांगितलं, सोमवारचं सांगितलं, साड्यांच्या दुकानाचं सांगितलं. फोटोतली पोरगी दुसरी कोणी तरी आहे, हेही सांगितलं. आणि हात जोडले की तिला घरी आणू नका, तिची परीक्षा होऊ द्या. बाई उठली. मला वाटलं आता काकांना बोलावते. तिनं हात धुतले, कोठीतून कणकेचा पिपा ओढला, गोणीत एक छोटी शेगडी घातली, लुगडं बदललं आणि नवऱ्याला बांधावरून ओरडून सांगितलं, "मी अमरावतीले चालली. पोरीची परीक्षा होईलोक तिथंच राह्यतो. भाकरी करून घेजा."

तो पलीकडून काही तरी म्हणाला. तिनं ऐकलं नाही.

गाडीत खिडकीशी ती बसली. अंजनगाव गेलं. मग म्हणाली, "भाऊ, एवढ्या पोट्ट्यायचे हाल हायेत. मंग पेपरात काहून नाई आलं?"

"आलं होतं, बाई. तुमच्या देवापाशी हाय. आतल्या पानावर. घडी माह्याच हातून उलटी पडली."

ती बाहेर कपाशीकडे पाहत राहिली. माझ्याकडे न वळता म्हणाली, "मंग मी उघडून काहून नाई पाह्यला?"

खड्ड्यांनी पिपा सरकत होता. मी तो उचलून मांडीवर घेतला.